गवताची बाजू घेणाऱ्या येमूल मॅडम

येमूल मॅडम वाक्याच्या शेवटी 'ला' लावायच्या. "बसा ला." "चहा घेणार का ला?" "आज ऊन लई आहे ला." पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटायचं, हे तेलुगू असणार. कारण मॅडम सोलापूरच्या पूर्व भागातल्या, विणकर पद्मशाली घरातल्या. पण त्यांच्या अम्मा वैतागून सांगायच्या, "आमच्यात असं कुणी बोलत नाही. पोरीनं कुठून तरी उचलून आणलंय." ही पोर तेव्हा पन्नाशी ओलांडलेली होती.

तो 'ला' भूतानचा होता. तिथं वडीलधाऱ्यांशी, पाहुण्यांशी, शिक्षकांशी बोलताना शेवटी 'ला' म्हणतात, आपण 'जी' म्हणतो तसा. मॅडम ऐन तारुण्यात तिथल्या एका डोंगराळ गावातल्या शाळेत शिकवायला गेल्या आणि केस पांढरे व्हायला लागल्यावर परत आल्या. भाषा हळूहळू विसरल्या, 'ला' तेवढा राहिला. तो त्या सगळ्यांना वाटत फिरायच्या. रिक्षावाल्याला, बँकेतल्या साहेबाला, भाजी घेताना भाजीवाल्या मावशींना. भांडतानासुद्धा त्यांच्या तोंडून 'ला' जायचा नाही. त्यामुळं समोरच्याला नीट भांडता यायचं नाही.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते मोहोळला, शिक्षकांच्या प्रशिक्षणात. माझं घर सोलापुरात, पण मी तेव्हा मोहोळ तालुक्यातल्या ढवळेवाडीच्या प्राथमिक शाळेत होते आणि तिथंच खोली घेऊन राहत होते. दुपारचं जेवण झालेलं, पंखे कुरकुरत होते, निम्मं सभागृह पेंगत होतं. पर्यावरण हा विषय आणि बोलायला एक उंच, सडपातळ बाई. सुती साडी, पायात बूट. त्यांनी सांगितलं की भूतान एवढासा देश आहे, पण त्याच्या राज्यघटनेतच लिहिलंय, देशाची निदान साठ टक्के जमीन कायम जंगलाखाली राहील. आम्ही टाळ्या वाजवल्या. मॅडमनी हात वर केला.

"टाळ्या थांबवा ला. आधी सोनमचं ऐका."

सोनम ही त्यांच्या वर्गातली मुलगी. पहिल्या बाकावर बसायची आणि पहिल्याच तासाला झोपायची. मॅडम तिला रोज रागवायच्या. शेवटी एका रविवारी डोंगर चढून तिच्या घरी गेल्या. जंगलाला लागून मक्याचं रान, मध्ये लाकडी मचाण. कणसं भरली की रानडुकरं उतरायची आणि एका फेरीत वर्षाचं धान्य तुडवून जायची. म्हणून घरातली सगळी माणसं पाळीपाळीनं मचाणावर जागायची, डबे वाजवायची. सोनमचीही पाळी असायची.

"जंगल देशानं राखलं," मॅडम म्हणाल्या, "आणि झोप गेली सोनमची. जंगल राखू नये असं मी म्हणत नाही. राखलंच पाहिजे. पण चांगल्या कामातसुद्धा कुणाचं तरी काही तरी जातं. ते कुणाचं जातंय, एवढं आधी बघायचं ला."

पेंगणारे जागे झाले होते. मी तर वहीत काही लिहायचंसुद्धा विसरले. परतीच्या एसटीत मी मुद्दाम त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि सोलापूर येईपर्यंत प्रश्न विचारत राहिले. उतरताना त्या म्हणाल्या, "तू दमवतेस ला. रविवारी घरी ये. जेवायलाच ये."

त्यांचं घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढं एक लांबलचक रिकामी पडवी. तिथं पूर्वी त्यांच्या वडिलांचे माग होते. माग विकले गेले, पण फरशीवर मागांच्या पायांच्या खुणा राहिल्या होत्या. मॅडम एम.एस्सी. झाल्या तेव्हा घरात लग्नाचं बघणं चाललं होतं. त्यांनी वर्तमानपत्रात भूतानमधल्या शिक्षकांच्या जागांची जाहिरात पाहिली आणि अर्ज करून टाकला. अम्मा आठवडाभर रडल्या. जायच्या दिवशी वडिलांनी स्वतः विणलेल्या दोन जाड चादरी ट्रंकेत घातल्या आणि एवढंच म्हणाले, "तिकडं थंडी असते म्हणतात." मॅडम हे सांगायच्या तेव्हा पडवीकडं बघायच्या.

त्या रविवारी त्यांनी मला मिरचीची भाजी वाढली. हिरव्या मिरच्या उभ्या चिरून चीजमध्ये शिजवलेल्या, बरोबर ज्वारीची कडक भाकरी. भूतानमध्ये हाच रोजचा पदार्थ. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"मिरचीला भाजी मानणारा देश सापडला म्हणून मी टिकले ला," मॅडम म्हणाल्या. "नुसत्या वरणभाताच्या देशात गेले असते तर महिन्यात पळून आले असते."

त्यानंतर मी महिन्यातून दोनदा तरी त्यांच्याकडं जायला लागले. भूतानबद्दल त्या भरभरून बोलायच्या, पण स्वर्ग केला नाही त्याचा कधी. घर बांधायला लाकूड हवं असलं तर माणसाला अर्ज करून थांबावं लागतं, मग जंगलखात्याचा माणूस येऊन हातोडीनं ठरावीक झाडावर शिक्का मारतो, तेवढंच झाड तोडायचं. त्यांना ही शिस्त आवडायची. आणि थांबून थांबून कंटाळलेल्या माणसाच्या शिव्याही त्या तितक्याच आवडीनं सांगायच्या.

एक आठवण त्यांच्या मनात घर करून राहिली होती. एकदा त्या मोठ्या मुलांना घेऊन याक राखणाऱ्यांच्या उंचावरच्या कुरणात गेल्या होत्या. दोर्जी नावाचा एक म्हातारा राखणदार होता. त्यानं समोरचा उतार दाखवला. पूर्वी तिथं गुडघाभर गवत असायचं. त्याचे वाडवडील अधूनमधून आग लावून झुडपं जाळायचे. पुढं आग लावायला बंदी आली, झुडपं वर चढत गेली, गवत आक्रसलं. मॅडम म्हणाल्या, बरंच आहे की, जंगल वाढतंय. दोर्जी म्हणाला, "तुमचं जंगल माझं गवत खातंय ला." त्यावरून दोघं संध्याकाळभर वाद घालत बसले. मॅडम आगीचे तोटे सांगायच्या, तो गवताचे फायदे सांगायचा.

"कोण जिंकलं?" मी विचारलं होतं.

"कुणीच नाही. आगीबद्दल त्याचं सगळं खरं होतं असं मला आजही वाटत नाही. पण उतरताना एक गोष्ट डोक्यात राहिली. मी वनस्पतिशास्त्र शिकलेली बाई. हिरवं म्हटलं की मला झाडच दिसायचं. गवताकडं मी कधी नीट बघितलंच नव्हतं ला."

वडील गेले, अम्मा एकट्या पडल्या, म्हणून मॅडम परत आल्या. पुण्याहून सोलापूरला येताना पावसाळा नुकताच सरला होता. मोडनिंब मागं पडलं आणि खिडकीतून त्यांना माळ दिसला. सोनेरी, वाऱ्यावर लाटा उठणारा. जन्म सोलापुरातला, पण विणकरांच्या गल्लीतल्या मुलीला माळाशी काय देणंघेणं असणार. "त्या दिवशी मी माझा जिल्हा पहिल्यांदा बघितला," असं त्या म्हणायच्या.

आता ढवळेवाडीची गोष्ट सांगायला हवी.

गावाच्या उत्तरेला मोठा माळ आहे. गायरान. आम्ही सगळे त्याला पडीकच म्हणायचो. एका वर्षी एका कंपनीनं शाळेमार्फत तिथं झाडं लावायचं ठरवलं. रोपं त्यांची, खड्डे खणायला जेसीबी त्यांचा, नंतर तारेचं कुंपणही तेच घालणार होते. मुख्याध्यापकांनी सगळं माझ्यावर सोपवलं. सरपंच भागवतअण्णा खुशीत होते. मुलांनी घोषणा पाठ केल्या, मुलींनी स्वागतगीत बसवलं. प्रमुख पाहुण्या कोण, हा प्रश्न मला पडलाच नाही. जंगलाच्या देशात राहून आलेली माणसं आमच्या तालुक्यात दुसरी होती कुठं?

मॅडम आनंदानं हो म्हणाल्या. फक्त एक मागितलं. "आदल्या दिवशी येते ला. जागा बघते."

आदल्या दिवशी सकाळच्या एसटीनं त्या आल्या. आम्ही माळावर गेलो. पावसाच्या दोन-तीन सरी होऊन गेल्या होत्या, गवताचे ठोंब हिरवे व्हायला लागले होते. जिथं खड्डे घ्यायचे तिथं चुन्याच्या फक्कीनं खुणा केल्या होत्या, ओळीत, शाळेच्या मैदानासारख्या. मॅडम त्या ओळीवरून चालत होत्या आणि एकाएकी थांबल्या. पायाजवळून एक पाखरू भुर्रकन उडालं होतं. त्या खाली बसल्या आणि मला खुणेनं बोलावलं. गवताच्या ठोंबाच्या आडोशाला वाटीएवढं घरटं, त्यात ठिपक्याठिपक्यांची अंडी. चंडोलाचं घरटं. फक्कीची खूण त्याच्या हातभर अंतरावर होती.

"वैशाली, हे पडीक आहे असं कुणी सांगितलं तुला?"

सगळेच म्हणतात, एवढंच मी बोलले.

तेवढ्यात हौसाबाई मेंढरं घेऊन जवळ आल्या. ढवळेवाडीत धनगरांची काही घरं आहेत, त्यांतल्या या. त्यांची नात माझ्या वर्गात होती, त्यामुळं ओळख होती. मॅडमनी त्यांना नमस्कार केला आणि विचारलं, "मावशी, उद्या इथं झाडं लावणार आहेत. तुम्हाला माहीत आहे ला?"

"ऐकलंय की."

"मग मेंढरं कुठं नेणार?"

हौसाबाई माझ्याकडं बघत राहिल्या. शाळेच्या बाईंसमोर बोलावं की नाही, असा विचार त्या करत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "आमाला कुणी इचारलंच न्हाय, तर आमी काय सांगायचं? तार लागली की हितनं उठायचं. कुटं जायचं ते बगू."

मॅडम घरट्यापासून दूर जाऊन एका दगडावर बसल्या. उद्या पाहुणे येणार, मंडप सांगितलेला, स्वागतगीत बसवलेलं. मी म्हणाले, "मॅडम, आता हे सगळं कसं थांबवणार?"

"थांबवायचं कशाला ला? हलवायचं. झाडं लावायला जागा नाही का या गावात? ओढ्याचे काठ उघडे पडलेत, शाळेच्या आवारात सावली नाही, स्मशानाच्या वाटेवर एक झाड नाही. चल, सरपंचांकडं जाऊ."

भागवतअण्णा ओसरीवर बसले होते. त्यांनी चहा मागवला, मॅडमचं सगळं ऐकून घेतलं. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा बदलत गेला.

"म्याडम, तुमाला आमी झाडं लावायला बोलावलं. झाडाला नको म्हननारं मानूस मी आज पयल्यांदा बघतोय."

"झाडाला नको म्हणत नाही ला, अण्णा. माळावर नको म्हणते."

"माळावर हाय काय? कुसळं."

"तुमच्या गोठ्यात दिवाळीनंतर काय असतं ला?"

माळावरचं गवत कापून अण्णांच्याही गोठ्यात येत होतंच. पण राग गेला नाही. "उद्या सकाळी गावासमोर बोला," एवढं म्हणून ते आत निघून गेले. त्या रात्री मॅडम माझ्या खोलीवर मुक्कामाला राहिल्या आणि शांत झोपल्या. मी काही झोपले नाही.

सकाळी शाळेच्या पटांगणात गाव जमलं. कंपनीतून दोन अधिकारी आले होते, त्यांत एक तरुण मुलगी होती. स्वागतगीत झालं, हार झाले, आणि मॅडम बोलायला उठल्या. त्यांनी एकाही माणसाला दोष दिला नाही. भूतानबद्दल बोलल्या. तिथले डोंगर, तिथला पाऊस, धुक्यातली उंच झाडं. मुलं तोंडं उघडी टाकून ऐकत होती. मग त्या म्हणाल्या, "तिथल्या माणसांनी आपल्याकडं काय आहे ते बघितलं आणि ते राखलं. त्यांच्याकडं जंगल होतं. आपल्याकडं माळ आहे. पाऊस कमी, माती उथळ, म्हणून निसर्गानं इथं गवत दिलंय. त्या गवतावर मेंढरं जगतात, गुरं जगतात, चंडोल आणि खोकड जगतात. भूतानचं बघून आपण आपला माळ खणायला निघालो, तर त्यांच्याकडून आपण काय शिकलो ला? मी ओढ्याकाठी झाड लावीन. माळावर माझ्या हातात खोरं देऊ नका."

पटांगणात कुजबुज सुरू झाली. मुख्याध्यापक माझ्याकडं रोखून बघत होते. कुणीतरी मागून म्हणालं, "ह्या बाईंना आणलं कुणी?" मी खाली मान घातली नाही, एवढंच माझं त्या दिवसाचं धैर्य.

मॅडमनी धनगरांच्या घरांपैकी कुणी बोलेल का असं विचारलं. माणसं एकमेकांना पुढं ढकलत राहिली. शेवटी दाराशी उभ्या असलेल्या हौसाबाई तिथूनच बोलल्या. "मला काय बोलाया येत न्हाय. झाडं लावा की. पर मी मेंढरं कुटं न्हेऊ, ते बी कुनीतरी सांगा." आणि त्यांनी पदर डोक्यावर ओढून घेतला.

कंपनीतली ती तरुण मुलगी उठली आणि मुख्याध्यापकांना म्हणाली, "सर, आम्हाला झाडं लावायची आहेत. कुठं लावायची ते गावानं ठरवावं." तिनं तेव्हा असं म्हटलं नसतं तर पुढं काय झालं असतं, कुणास ठाऊक. तास-दीड तास वाद झाला. आवाज चढले, दोन माणसं उठून गेली. शेवटी ओढा, शाळा आणि स्मशानाची वाट इथं झाडं लावायची आणि माळ तसाच ठेवायचा असं ठरलं. उरलेली रोपं टेम्पोत घालून पलीकडच्या गावाला गेली. मॅडमनी ओढ्याकाठी करंजाचं रोप लावलं, हात धुतले आणि दुपारच्या एसटीनं सोलापूरला गेल्या.

याची फळं त्यांना सोलापुरात भोगावी लागली. वृक्षारोपणात खोडा घालणाऱ्या बाई, असं त्यांचं नाव झालं. एका निसर्गप्रेमी मंडळानं त्यांचं ठरलेलं व्याख्यान न कळवताच रद्द केलं. त्या साडी नेसून, तयार होऊन बसल्या होत्या. मी संध्याकाळी गेले तेव्हा त्या अम्मांसाठी तांदूळ निवडत होत्या.

"वाईट वाटलं का, मॅडम?"

"वाटलं की. वाटणारच ला." आणि परत ताटावर वाकल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "दोर्जी असता तर खूप हसला असता."

भागवतअण्णांनी त्यांच्याशी अबोला धरला. मॅडम मात्र ढवळेवाडीला येत राहिल्या. माळ नुसता सोडून देऊन भागणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. सगळा माळ बारा महिने चरला तर गवताला बी धरायला वेळच मिळत नाही. हौसाबाई आणि इतर मेंढपाळांबरोबर बसून त्यांनी ठरवलं, पावसाळ्यात माळाची एक बाजू राखायची, गवताचं बी पडेपर्यंत तिकडं कुणी जनावर सोडायचं नाही, मग कापायचं. पुढच्या वर्षी मधली बाजू, त्यानंतर तिसरी. पहिल्या वर्षी हे कुणी पाळलं नाही. कुणाच्या शेळ्या घुसल्या, कुणाच्या म्हशी. लोक मॅडमना म्हणायचे, तुम्ही येऊन रागवा. त्या म्हणायच्या, "मी पोलीस नाही ला. माळ तुमचा आहे. पटलं तर राखा." हौसाबाईंनी मात्र मनावर घेतलं. त्या शेळ्या हाकलायच्या आणि शेळीवाल्याच्या दारात जाऊन तासभर बोलून यायच्या. शेळीपेक्षा ते बोलणं लोकांना जड जायचं.

एका वर्षी पावसानं ओढ दिली. आजूबाजूच्या गावांत कडब्याची टंचाई झाली. ढवळेवाडीच्या राखलेल्या बाजूला मात्र मारवेल आणि पवना हे गवत मांडीएवढं वाढलेलं होतं. गावानं वाटून कापलं. कापणाऱ्यांत भागवतअण्णांचा गडीही होता. त्यानंतर थंडीत एक दिवस अण्णा स्वतः सोलापूरला मॅडमच्या घरी आले. मी तिथंच होते. अण्णांच्या हातात हुरड्याची पिशवी. ती त्यांनी अम्मांजवळ दिली, पडवीत बसले, मागांच्या खुणा बघितल्या, पाणी प्यायले. झालं ते झालं वगैरे काही बोलले नाहीत. निघताना पायात चप्पल घालता घालता म्हणाले, "बाई, आमच्या माळावर या की एकदा. लई दिस झालं."

"येते ला, अण्णा," मॅडम म्हणाल्या.

अण्णा गेल्यावर त्यांनी हुरडा तव्यावर परतला आणि आम्हाला दिला. त्या दिवशी त्या गुणगुणत होत्या. मी त्यांना गुणगुणताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

सगळंच असं सुखाचं झालं नाही. पलीकडच्या गावानं आमची उरलेली रोपं माळावर लावली. त्या रोपांतलं गिरिपुष्प चांगलं वाढलं, दाट झालं, आणि त्याखालचं गवत संपलं. तिथले मेंढपाळ आता उन्हाळ्याच्या आधीच गाव सोडतात. मॅडम मला तिथं घेऊन गेल्या होत्या. "ही झाडं आपण थांबवली नाहीत ला, इकडं ढकलली," एवढंच म्हणाल्या. ढवळेवाडीच्या माळाचा रस्त्याकडचा तुकडाही मुरमासाठी खणला गेला. ते कळलं तेव्हा मॅडम तिथं जाऊन खड्ड्याच्या कडेला उभ्या राहिल्या. परत येताना एसटीत त्यांनी डोळे मिटून घेतले होते. झोपल्या नव्हत्या, हे मला कळत होतं.

माझ्यापुरतं सांगायचं तर त्यांनी मला माझी नोकरी पुन्हा दिली. मी बदली मागून शहराजवळ यायच्या विचारात होते. त्यांच्यामुळं ढवळेवाडीतच राहिले. मुलांना घेऊन माळावर बसायला त्यांनी मला शिकवलं. शिकवायचं काही नाही, नुसतं बसायचं, अशी त्यांची अट असे. "तू बोलायला लागलीस की मुलं तुझ्याकडं बघतात ला. मग माळाकडं कोण बघणार?" आधी मला ते अवघड जायचं. बाईंनी गप्प बसणं म्हणजे तास वाया घालवणं, अशी माझी समजूत. पण थोड्याच वेळात मुलं स्वतःच सांगायला लागायची. बाई, टिटवी मुद्दाम लंगडतीये. बाई, ह्या बिळातनं खोकडाची पिल्लं बाहेर आलीत. वर्गात तोंड न उघडणारी हौसाबाईंची नात तिथं सगळ्यांची मास्तरीण व्हायची. तिला मी वर्गात ढ समजत नव्हते, पण गप्प समजत होते. ती गप्प नव्हतीच. कुठलंही काम काढताना आधी, कुणाचं काही जातंय का, हे बघायची सवयही मला मॅडमनीच लावली. शाळेची वेळ बदलताना, सहल ठरवताना, गणवेश ठरवताना मी ते बघते. सोबतचे शिक्षक मला चिडवतात, आणि मग तेही बघतात.

अम्मा गेल्यावर मॅडम एकट्याच राहायच्या. शेवटच्या वर्षी छातीच्या दुखण्यानं त्यांना फार चालवेना. तरी दिवाळीनंतर रिक्षा करून त्या माळाच्या कडेपर्यंत आल्या आणि हौसाबाईंनी आणलेल्या घोंगडीवर बसल्या. हौसाबाईंनी त्यांना मेंढीच्या दुधाचा चहा दिला. मॅडम म्हणाल्या, "याकच्या दुधाचा असाच लागतो ला." हौसाबाईंना याक म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण त्या समाधानानं हसल्या.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला मॅडम गेल्या. सकाळी शेजारच्या बाई चहा घेऊन गेल्या, तर त्या खुर्चीत बसलेल्या होत्या. ढवळेवाडीहून टेम्पो भरून माणसं सोलापूरला आली. पूर्व भागातल्या त्या अरुंद गल्लीत तेलुगू बोलणारे शेजारी आणि मुंडासं बांधलेले धनगर शेजारी शेजारी उभे होते. आणि मॅडमचं काय काय आठवतंय, ते एकमेकांना सांगत होते.

पंधरा दिवसांनी शाळेत शोकसभा झाली. भागवतअण्णा म्हणाले, "बाईंच्या नावानं कायतरी करू. एक झाड लावू." मग अण्णाच स्वतःशी हसल्यासारखं करून म्हणाले, "न्हाय, झाड नगं."

हौसाबाई उठल्या. आता त्या दाराशी उभ्या राहत नाहीत, पुढं बसतात. त्या म्हणाल्या, "औंदा मधली बाजू राखायची पाळी न्हाय. पर बाईंसाठी ती बी राखू. बी पडंपतोर मी माझी मेंढरं तिकडं न्हेनार न्हाय. बाकीच्यांनी आपापलं बगा."

बाकीच्यांनी पाहिलं. त्या पावसाळ्यात माळाच्या दोन बाजू राखल्या गेल्या. कुणी बोर्ड लावला नाही, कुणी नाव दिलं नाही.

दिवाळीची सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर मी एकटी तिकडं गेले. गवत कमरेपर्यंत आलं होतं आणि पिकून पिवळंधमक झालं होतं. मी मधून चालत गेले, उन्हं उतरेपर्यंत बसले आणि परत निघाले. एसटीत बसल्यावर पाहिलं, तर साडीच्या काठाला सगळीकडं कुसळं टोचून बसली होती. शेजारची बाई म्हणाली, "काढून खिडकीतनं टाका की." मी एक एक काढून ओंजळीत गोळा केली आणि घरापर्यंत तशीच घेऊन आले.